रॉबिनच्या जिवाचे पन्नास सेंट

१९८८ साली अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सने ‘बॅटमॅन’च्या ४२७व्या अंकात दोन फोन नंबर छापले. एक फिरवला तर बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार रॉबिन जगणार, दुसरा फिरवला तर मरणार. एका फोनचे ५० सेंट. जोकरने पोराला लोखंडी पहारीने झोडपलं होतं, गोदामात बॉम्ब लावला होता, स्फोट झाला होता. पुढचं सगळं वाचकाच्या बोटावर सोडलं होतं. सप्टेंबरात दीड दिवस लाइन चालू राहिली. जगू द्या म्हणणारे ५,२७१. मारा म्हणणारे ५,३४३. अवघ्या ७२ फोनांनी जेसन टॉड नावाचा हा रॉबिन मेला आणि ४२८व्या अंकात बॅटमॅन त्याचं कलेवर उचलून ढिगाऱ्यातून चालत आला.

संपादक डेनिस ओनील यांना ही कल्पना एका टीव्ही कार्यक्रमावरून सुचली होती. १९८२ साली ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये एडी मर्फीने एक जिवंत शेवंड दाखवली आणि ती शिजवायची की सोडायची हे प्रेक्षकांना फोनवर विचारलं. पाच लाखांच्या आसपास फोन आले. शेवंडीच्या जागी रॉबिन ठेवला, इतकाच फरक. ओनील पुढे असंही सांगत, की त्यांच्या कानावर एक गोष्ट आली होती: कुणा एकाने म्हणे कॉम्प्युटरला कामाला लावून मरणाचा नंबर तासन्‌तास पुन्हा पुन्हा फिरवला. ते कधी सिद्ध झालं नाही. पण फरक जर ७२ चा असेल, तर एक हट्टी माणूस आणि एक मशीन पुरतं.

व्हिडिओ गेम, कॉमिक्स आणि सुपरहिरोंच्या सिनेमांवर आज चाहत्यांचा जो कल्ला चालतो, त्याचं खापर सगळे इंटरनेटवर फोडतात. मला ते पटत नाही. माझं बोट त्या दोन फोन नंबरांकडे आहे. कंपनीने तेव्हा वाचकाला सांगून टाकलं, तुझं म्हणणं नको, तुझा आकडा दे. चाहत्याने ते ऐकलं, आणि अजून ऐकतोय.

त्याआधी काय होतं ते सांगते. १९७३ साली मार्व्हलने स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मारली. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’, अंक १२१. ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून ढकलतो, स्पायडरमॅन जाळं फेकतो, ते तिच्या पायाला बसतं, तो तिला वर ओढतो आणि ती गेलेली असते. त्या काळात नायकाची प्रेयसी अशी मरत नसे. वाचक हादरले आणि खवळले. लेखक गेरी कॉनवे तेव्हा जेमतेम विशीचा. लोकांचा राग त्याला इतका झोंबला, की बराच काळ तो चाहत्यांच्या संमेलनांकडे फिरकला नाही. मार्व्हलचे स्टॅन ली कॉलेजांत भाषणाला गेले, की विद्यार्थी उठून जाब विचारत. तेव्हाचे वाचक काही साधुसंत नव्हते, हे मुद्दाम सांगितलं.

पण ते पत्रं लिहीत. त्या चित्रात ग्वेनच्या मानेजवळ एक बारीक शब्द लिहिलेला आहे: ‘स्नॅप’. लाखो वाचकांच्या हातातून गेलेल्या त्या अंकात हा इवलासा शब्द हेरला गेला. मग प्रश्न आले. ती पडण्याने मेली, की जाळ्याच्या हिसक्याने? हिसक्याने मेली असेल, तर तिला मारलं कुणी, गॉब्लिनने की स्पायडरमॅनने? १२५व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर संपादकांना उत्तर द्यावं लागलं: हिसक्याने मान मोडली, आणि त्या उंचीवरून पडताना तिला वाचवण्याचा दुसरा मार्गही नव्हता. म्हणजे नायकाच्या हातून त्याचंच माणूस गेलं. इतकं मोठं दुःख वाचकांच्या प्रश्नांमुळे छापील कबुलीत आलं.

ही चर्चा तिथे थांबली नाही. मिनेसोटा विद्यापीठात जेम्स काकालिओस नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. ते सुपरहिरोंच्या आधारे पहिल्या वर्षाच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचे. २००५ साली आलेल्या आपल्या ‘द फिजिक्स ऑफ सुपरहिरोज’ या पुस्तकात त्यांनी ग्वेनच्या पडण्याचं गणित मांडलं. सुमारे ३०० फूट उंची धरली, तर वेग किती होतो, तो अर्ध्या सेकंदात शून्यावर आणला तर शरीरावर किती जोर येतो. उत्तर आलं, मान तुटते. वाचकाच्या एका शंकेतून तीस वर्षांनी वर्गातल्या फळ्यावर समीकरण उतरलं. चाहता म्हणतात तो हा. त्याला राग येतो, तो पान पुन्हा उघडतो, चित्राजवळ डोळे नेतो आणि विचारतो: हे कसं?

फोन फिरवणाऱ्याला अंक पुन्हा उघडावा लागत नाही.

आता २०२० वर येऊ. नॉटी डॉग या स्टुडिओचा ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ १९ जूनला बाजारात आला. पहिल्या भागाचा नायक जोएल या भागात सुरुवातीलाच मारला जातो, ॲबी नावाची मुलगी त्याला मारते, आणि पुढे खेळाचा मोठा भाग खेळाडूला त्याच ॲबीच्या कातडीत शिरून खेळावा लागतो. ज्याच्याबरोबर तुम्ही एक अख्खा खेळ चाललात त्याला मारणारीचे हातपाय तुम्हाला चालवायला दिले जातात. माझ्या मते गेम या माध्यमात आजवर झालेलं हे सर्वांत धाडसी काम आहे. सिनेमा तुम्हाला खुन्याकडे बघायला लावतो, इथे तुमच्या अंगठ्याने त्याला श्वास घ्यावा लागतो. ज्यांना ते सहन झालं नाही त्यांचं दुःख मी खरं मानते. जोएलवर त्यांचा जीव होता.

पण खेळ संपवायला पंचवीसेक तास लागतात, आणि मेटाक्रिटिक या गुण देण्याच्या संकेतस्थळावर पहिल्या काही तासांतच शून्यांचा पाऊस पडला होता. हजारोंनी. एप्रिलमध्येच खेळाचे तुकडे फुटले होते, त्यावरून मत आधीच बनलं होतं. खेळणं हा उपचारही उरला नव्हता. महिन्याभरात मेटाक्रिटिकने नियम बदलला: नवा खेळ आल्यावर ३६ तास कुणाही खेळाडूला गुण देता येणार नाहीत. पूर्ण खेळून मग बोला, एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी कुलूप लावावं लागलं.

त्याहून वाईट पुढे झालं. ॲबीला आवाज आणि अभिनय देणारी लॉरा बेली हिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिचं मूल तेव्हा अगदी लहान होतं, त्यालाही त्यात सोडलं नाही. तिने त्यातले काही संदेश जुलैमध्ये जगासमोर ठेवले. ही कथा तिने लिहिलीसुद्धा नव्हती. पुढच्या वर्षी याच भूमिकेसाठी तिला बाफ्टा मिळाला, ते योग्यच झालं, पण त्याने त्या रात्री परत येत नाहीत. आणि हे तिथेच निवळलं असं समजू नका. याच कथेची टीव्ही मालिका झाली, दुसऱ्या पर्वात केटलिन डेव्हर ॲबी झाली, आणि तिच्यासाठी चित्रीकरणाच्या जागी जादा सुरक्षारक्षक ठेवावे लागले. एका काल्पनिक मुलीने एका काल्पनिक माणसाला मारलं म्हणून.

असल्या माणसाला ‘कट्टर चाहता’ म्हणायची पद्धत बंद करा. ‘भावना अनावर झाल्या’ हे वाक्यही बंद करा. ज्याला पात्र आणि जिवंत बाई यांतला फरक कळत नाही, त्याला कथा कळलेलीच नाही. आणि ज्याला कळतो, तरी जो तिच्या मुलाचं नाव घेतो, तो गुन्हेगार आहे. गेम, कॉमिक्स हे शब्द त्याच्या शेजारी ठेवून त्याचा गुन्हा हलका करू नका.

हे वाचून काही वडीलधारे माना डोलावतील. ही पोरं अशीच, दिवसभर त्या स्क्रीनमध्ये, असं म्हणतील. त्यांनी इथेच थांबावं. मी चाहत्यांच्या विरोधात लिहीत नाही. चाहते अनेकदा बरोबर असतात आणि कंपन्या चूक असतात.

२०१७ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’मध्ये डार्थ व्हेडर खेळायला मिळावा म्हणून ६०,००० क्रेडिट जमवावे लागत होते. ६० डॉलर मोजून खेळ विकत घेतल्यावर हे. एका खेळाडूने बसून हिशेब केला: सुमारे ४० तास. कंपनीने उत्तर दिलं, की त्या कष्टातून खेळाडूंना अभिमान वाटावा असा हेतू आहे. रेडिटवरच्या त्या उत्तराला सहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती दिली, गिनेस बुकात नोंद झाली. खेळ बाजारात यायच्या तोंडावर कंपनीने पैसे देऊन वस्तू घेण्याची सोय बंद केली. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या नियामकाने काही खेळांतल्या लूट बॉक्सना सरळ जुगार ठरवलं. आत काय आहे हे न सांगता पोराटोरांना विकलेली बंद पेटी म्हणजे जुगारच आहे. हे कुठल्या मंत्र्याच्या आधी एका खेळाडूच्या बेरीज-गुणाकाराने उघडं पाडलं.

२०२४च्या मे महिन्यात ‘हेलडायव्हर्स २’चं तसंच. खेळ स्वीडनच्या ॲरोहेडचा, प्रकाशक सोनी. सोनीने जाहीर केलं, की कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनाही आता प्लेस्टेशनचं खातं जोडावं लागेल. अडचण अशी, की कित्येक देशांत ते खातं उघडताच येत नव्हतं, आणि तिथल्या लोकांना खेळ मात्र विकून झालेला. शनिवार-रविवारात स्टीम या खेळविक्रीच्या मंचावर दोन लाखांहून अधिक वाईट अभिप्राय पडले, सोमवारी सोनीने निर्णय मागे घेतला. इथे आकड्यानेच काम केलं, मी ते नाकारत नाही. पण त्या आकड्यामागे एका ओळीत सांगता येणारं कारण होतं: माझ्या देशात हे खातं नाही, माझे पैसे तुमच्याकडे आहेत. ॲरोहेडच्या मंडळींनी त्या पडलेल्या अभिप्रायांचा आलेख घेऊन खेळातल्या सैनिकांच्या पाठीवरच्या केपची नक्षी बनवली. मार खाल्ल्याची खूण त्यांनी मिरवायला घेतली. असा स्टुडिओ मला आवडतो.

आणि ‘मास इफेक्ट ३’. हा माझा सर्वांत लाडका किस्सा. मार्च २०१२. तीन खेळ, पाच वर्षं, शेकडो निर्णय, कुणाला वाचवलं, कुणावर प्रेम केलं, सगळं खेळ लक्षात ठेवत आलेला. आणि शेवटी तीन पर्याय: लाल, हिरवा, निळा. त्यांतलं दृश्य जवळपास एकसारखं, फक्त रंग वेगळा. चाहत्यांचा विश्वासघात झाला असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. त्यांनी काय केलं? लहान मुलांच्या रुग्णालयांना खेळणी आणि गेम पुरवणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी ८०,००० डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. शेवटी संस्थेलाच हात जोडावे लागले, कारण आपण नवा शेवट विकत घेतोय असा काही देणगीदारांचा समज झाला होता. मग त्यांनी कॅनडातल्या एडमंटनला, खेळ बनवणाऱ्या बायोवेअरच्या कचेरीत ४०० हून अधिक कपकेक पाठवले. वर लाल, हिरवं, निळं आयसिंग. आत सगळ्यांची चव एकच, व्हॅनिला.

अख्ख्या टीकेचा सारांश त्या खोक्यात होता. खाणाऱ्याला एका घासात कळावा असा. बायोवेअरने ते केक शहरातल्या तरुणांच्या निवाऱ्याला देऊन टाकले आणि जूनमध्ये वाढवलेला शेवट सर्वांना फुकट दिला. कुणाच्या घराचा पत्ता शोधला गेला नाही तरी कंपनी हलू शकते, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

चाहत्यांच्या विजयाची म्हणून जी गोष्ट सगळे सांगतात ती मात्र मला तितकी गोड लागत नाही. ‘सॉनिक द हेजहॉग’. एप्रिल २०१९ अखेर ट्रेलर आला, निळ्या सॉनिकला माणसाचे दात होते, बारीक डोळे होते, बघवत नव्हता. दोन-तीन दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी कबूल केलं, बदलतो. सिनेमा नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० ला ढकलला. नवं रूप घडवण्यात पुढाकार होता टायसन हेस यांचा. सॉनिकच्या कॉमिक्समध्ये चित्रं काढत आलेला हा माणूस, त्याला सॉनिक म्हणजे काय हे हाडामासात माहीत. रूप सुरेख झालं, सिनेमा चालला, चाहते खूश. पण त्या सिनेमावर काम केलेल्या एमपीसी कंपनीचा व्हँकुव्हरचा स्टुडिओ सिनेमा यायच्या दोन महिने आधी, डिसेंबर २०१९मध्ये बंद झाला. कंपनीने कारण बाजारपेठेचं दिलं, आणि सॉनिकमुळे तो बंद पडला असं मी म्हणत नाही. मी एवढंच बघते, की पात्र पुन्हा घडवणाऱ्या हातांची नावं टाळ्यांच्या वेळी कुणी घेतली नाहीत. एमपीसीची मालक कंपनी टेक्निकलर. फेब्रुवारी २०२५मध्ये तीच कोसळली आणि बेंगळुरू, मुंबईतल्या हजारो कलाकारांचं काम एका झटक्यात गेलं. हॉलिवूडच्या सुपरहिरोंचे केस, कातडी, पाऊस, धूळ ही माणसं रात्र रात्र बसून करत होती. ‘सीजीआय भंगार आहे’ असं आपण तीन शब्दांत लिहून मोकळे होतो, तेव्हा ते मालाड-अंधेरीच्या लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या मुलीच्या कामाबद्दल असू शकतं. काम भंगार असेल तर जरूर म्हणा. तिला किती दिवस दिले होते, हेही विचारा.

माझा भाचा अकरावीत आहे. २०२३ साली ‘स्पायडर-व्हर्स’ सिनेमांचा दुसरा भाग मराठीतही आला, तो त्याने मराठीत पाहिला आणि त्यातल्या मुंबॅटन शहरातला पवित्र प्रभाकर महिनाभर त्याच्या तोंडी होता. अशा प्रेमाने बघणाऱ्या पोराने परवा एका खेळाला एक तारा दिला. मी विचारलं, खेळलास का? म्हणाला, “नाही मावशी, सगळे देतायत.” मी रागावले. मग त्याच्या हातात ‘राजी’ दिला.

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्यात बनलेला खेळ. नॉडिंग हेड्स गेम्स हा तिथला छोटा स्टुडिओ. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते पुरेसे जमले नाहीत. तरी थांबले नाहीत. २०२० साली खेळ आला, त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्तम स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. सर्कशीत वाढलेली एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला शोधत राक्षसांशी लढते. भिंतींवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांसारखे मधले प्रसंग, महालांची नक्षी, हे बघताना माझा ऊर भरून आला, हे मला लपवायचं नाही. लढाई काही ठिकाणी अडखळते. आणि कथा अशा जागी तुटते, की पुढचं पान कुणी फाडून नेलंय असं वाटतं.

भाच्याने दोन दिवसांत संपवला आणि शेवट पाहून भडकला. मी म्हटलं, आता लिही. तारा नको, वाक्यं. तो कुरकुरत बसला आणि फोनवर मराठीत अकरा ओळी लिहिल्या. त्यातल्या चार फक्त एका उडीबद्दल होत्या, ती उडी कॅमेऱ्याच्या कोनामुळे चुकते आणि दोष खेळणाऱ्याला लागतो, असं त्याचं म्हणणं. मी स्वतः ती उडी मारून पाहिली. पोरगं बरोबर बोलत होतं. शेवटच्या ओळीत त्याने लिहिलं होतं, राजीचं पुढे काय झालं ते मला कळलंच पाहिजे.

मला वाचून दाखवल्यावर त्याने विचारलं, “पण मावशी, हे वाचणार कोण?”

त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि तो स्टुडिओंना विचारायचा आहे. १९७३ साली मार्व्हलकडे पत्रांचं पान होतं आणि त्यावर उत्तर देणारा संपादक होता. आज कंपन्यांकडे आलेख आहेत. ज्यांना फक्त तारे मोजायचे असतात त्यांना तारेच मिळणार, आणि मग एखाद्या रात्री त्या ताऱ्यांची दगडफेक झाली, की तेच लोक चाहत्यांना विषारी म्हणणार. पुण्यातल्या छोट्या स्टुडिओला हे परवडत नाही. त्यांना त्या उडीबद्दलच्या चार ओळी हव्या असतात. भाच्याला म्हटलं, पाठव तर खरं. त्याने पाठवल्या. अजून उत्तर नाही, तो रोज बघतो.

रॉबिनचं सांगायचं राहिलं. २००५ साली लेखकांनी जेसन टॉडला कथेत परत आणलं, रेड हूड या नावाने, आणि ज्याला वाचकांनी मारलं होतं तो लोकांचा लाडका झाला. पण त्याआधीची एक गोष्ट आहे. १९८८ साली निकाल लागेपर्यंत काय होईल हे ठाऊक नव्हतं, म्हणून चित्रकार जिम अपारो यांनी दोन्ही शेवट काढून ठेवले होते. एकात रॉबिन मेलेला, एकात ढिगाऱ्याखाली जिवंत सापडलेला. दुसरा बाजूला पडला. डिसेंबर २०२३मध्ये डीसीने तो ४२८वा अंक त्या जगलेल्या शेवटासह छापून विकायला ठेवला. ज्या ५,२७१ फोनांनी त्याला वाचवा म्हटलं होतं, त्यांच्या हाती पस्तीस वर्षांनी तो अंक आला. अपारो २००५ साली गेले होते, ओनील २०२० साली.